टेरिटी बाजारातला पाओ आणि माझी एक चूक

पहाटे साडेपाचला लालबाजारच्या पोलीस मुख्यालयासमोरून चालत निघालं की पाच-सात मिनिटांत पोद्दार कोर्टाची इमारत लागते. तिच्या मागच्या बाजूला सन यत सेन स्ट्रीट आहे. रविवारी उजाडता उजाडता इथं रस्त्याच्या कडेला लाकडी पेट्या, स्टुलं, बाकडी मांडली जातात. त्यांवर ॲल्युमिनियमची तीन-तीन, चार-चार मजली उकडपात्रं असतात, आणि बाजूला माशांच्या गोळ्यांच्या सुपाचं मोठं पातेलं. कोलकात्याचे लोक या जागेला टेरिटी बाजार म्हणतात आणि या खाण्याला चिनी नाश्ता. आठ-साडेआठपर्यंत सगळं संपतं.

मी तिथं गेलो तो एक पाओ खायला. पाओ म्हणजे मैद्याचा, आत मांसाचं सारण भरलेला, वाफेवर उकडलेला पांढरा गोळा. एका सत्तरीच्या चिनी बाईंच्या पेटीसमोर उभा राहिलो. त्यांनी झाकण उचललं, वाफ बाजूला जाऊ दिली आणि चिमट्यानं एक पाओ वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून माझ्या हातात दिला. पाओच्या माथ्यावर चुण्या होत्या, एकीवर एक दुमडत मध्यात आणून पिळलेल्या. कोकणातल्या घरात वाढलेल्या माणसाला हे दृश्य कसं दिसेल हे सांगायला नको. माझी आजी उकडीच्या मोदकाला कळ्या पाडायची, त्याच ह्या. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीची खूण दोन्हींवर तीच.

नेमक्या ह्याच सारखेपणानं अठरा वर्षांपूर्वी माझा घात केला होता. त्याची कबुली आधी देतो, कारण या लेखाचं प्रयोजन तेच आहे.

मी टपाल खात्यातला कारकून. अभ्यास जो केला तो सुट्टीच्या दिवशी, ग्रंथालयांत बसून, कुणाही गुरूशिवाय. अठरा वर्षांपूर्वी एका मासिकाच्या गणेशोत्सव विशेषांकात मी एक लेख लिहिला. त्यात असं ठासून मांडलं होतं की, उकडीचा मोदक बौद्ध भिक्षूंबरोबर चीनला गेला आणि तिथं त्याचा 'मान्-तोउ' झाला. पुरावा काय? रामायण-महाभारतात मोदक आहे, चिनी मान्-तोउ त्यानंतरचा आहे, दोन्ही उकडलेले, दोन्हींत सारण, दोन्हींना चुण्या, आणि मधल्या काळात भिक्षूंची ये-जा. झालं. लेख वाचकांना फार आवडला. तो पुढे फिरत राहिला, इतरांनी त्याचा आधार घेतला, आणि आजही गणपतीच्या दिवसांत कुणी ना कुणी मला माझंच वाक्य अभिमानानं ऐकवतं.

लेखावर एकच विरोधी पत्र आलं. एका निवृत्त संस्कृत शिक्षकांचं पोस्टकार्ड होतं, मजकूर दीड ओळीचा: संस्कृतातला मोदक उकडीचाच, हे आपण कशावरून म्हणता? मी त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतं म्हणून दिलं नाही, हे आज लिहितो. संस्कृतात 'मोदक' म्हणजे आनंद देणारं गोड खाद्य, बहुतेक ठिकाणी लाडवासारखा गोळा. तो वाफेवर शिजवलेला, तांदळाच्या पारीचा, नारळाच्या सारणाचा असायलाच हवा असं त्या शब्दात काही नाही. मी आजीच्या परातीतला मोदक उचलून थेट महाभारतात नेऊन ठेवला होता. नाव जुनं म्हणून वस्तूही तितकीच जुनी, अशी ही चूक. हौशी संशोधकाकडून ती सर्वांत आधी होते आणि सर्वांत उशिरा सुटते.

पोस्टकार्डानंतर बऱ्याच वर्षांनी ह्युएन त्संगचा वृत्तान्त नीट वाचायला घेतला. मराठी माणूस त्याच्याकडे सहसा एकाच प्रकरणासाठी जातो. सातव्या शतकात, पुलकेशी दुसरा राज्य करत असताना, तो महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथली माणसं उपकार न विसरणारी, पण अपमानाचा सूड घेणारी आहेत, सूड घेण्याआधी शत्रूला बजावून सांगणारी आहेत, असं त्यानं लिहून ठेवलं. हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात भारताचं सर्वसाधारण वर्णन आहे, आणि तिथं स्वयंपाकाच्या भांड्यांबद्दल बोलताना तो सांगतो की, इथले लोक पातेली, कढया वापरतात, पण उकडायचं भांडं त्यांना माहीत नाही. ताटात सगळं एकत्र कालवून हातानं खातात, चमचा लागतो तो म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना.

हे वाक्य मला पहिल्यांदा भेटलं ते के. टी. अचया यांच्या १९९४ सालच्या भारतीय अन्नाच्या इतिहासावरच्या पुस्तकात. इडलीच्या चर्चेत अचयांनी ते साक्षीला काढलं आहे: भारतात सातव्या शतकात उकडपात्र नव्हतं, मग इडली उकडण्याची रीत बाहेरून, कदाचित इंडोनेशियातून, आली असावी. ज्या माणसानं मोदक चीनला पाठवला होता त्याला हे वाचून काय वाटलं असेल! चीनचाच प्रवासी सांगत होता की तुमच्याकडे वाफेचं भांडंच नव्हतं. पहिल्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी उलट्या टोकाला गेलो. म्हणजे आपला मोदकच चिनी म्हणायचा की काय?

सुदैवानं या वेळी लिहायची घाई केली नाही. पुण्यात वासुदेव गोखले, पु. वि. बापट यांच्यासारखे चिनी जाणणारे पंडित होऊन गेले. माझ्या वाट्याला इंग्रजी अनुवाद आणि चिनी शिकलेल्या एका मित्राची दोन दुपारची मदत. ह्युएन त्संगनं वापरलेला शब्द 'झंग' असा आहे. झंग म्हणजे कुठलीही वाफ नव्हे. तळाला भोकं असलेलं, खालच्या पाण्याच्या भांड्यावर बसवायचं एक विशिष्ट पात्र. सॅम्युअल बील यानं १८८४ साली अनुवाद करताना त्याचा अर्थ भात वाफेवर शिजवायचं भांडं असाच घेतला आहे. चिनी माणूस धान्य झंगमध्ये वाफवत असे आणि इथं लोक ते पाण्यात शिजवत होते. प्रवाशाला खटकला तो हा फरक.

आता आपल्या घरात या. मोदकपात्र नावाची वस्तू बाजारात मिळू लागली त्याआधी कोकणात मोदक कसे उकडत? पातेल्यात पाणी, तोंडाला फडकं बांधलेलं, त्यावर हळदीची किंवा केळीची पानं, वर मोदक आणि त्यावर पालथं ताट. अळूवडीचे उंडे, पातोळ्या, सांदणं सगळी त्याच रीतीनं. उकडणं संपलं की पातेलं पुन्हा पातेलं आणि फडकं पुन्हा फडकं. भांड्यांची यादी करणाऱ्या परदेशी भिक्षूला यात उकडपात्र दिसणार कुठून? अचयांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण त्यांनी या एका वाक्यावर फार मोठं ओझं टाकलं आहे. झंग नव्हतं एवढंच ते वाक्य सांगतं. वाफ नव्हती असं ते सांगत नाही. त्यातून मोदकाचं वय काढता येत नाही, चीनला जाण्याचं त्याचं तिकीट तर मुळीच नाही. माझा अठरा वर्षांपूर्वीचा सिद्धान्त मी इथं मागे घेतो.

मग चिनी लोकांकडे हा पांढरा गोळा आला कसा? खरी रंगत इथं आहे.

गहू मूळचा पश्चिम आशियातला. तो सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये पोचला. पश्चिमेकडे गव्हाच्या सोबत जातं आणि भट्टी ही जोडी होती: दळायचं आणि भाजायचं. चीनपर्यंत गहू गेला, भट्टी मागे राहिली. तिथं मातीची उकडपात्रं नवाश्मयुगापासून होती, बाजरीसारखी धान्यं आणि तांदूळ उकळून किंवा वाफवून खायची सवय हजारो वर्षांची होती. नवीन धान्य आलं तेव्हा त्यांनी ते जुन्याच भांड्यात घातलं. लंडनचे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ डोरियन फुलर आणि मानवशास्त्रज्ञ मायकेल रोलंड्स यांनी ही मांडणी फार सुंदर केली आहे. आशियाच्या पश्चिमेला भाजणारे, पूर्वेला उकळणारे-वाफवणारे, आणि धान्यं इकडून तिकडे गेली तरी चुली आपल्या जागी ठाम. हान राजवटीत फिरत्या जात्याचा प्रसार झाला, पीठ मुबलक झालं, आणि मग त्या पिठाचेही वाफेवरचे प्रकार सुरू झाले. आपण जिथं भाकरी तव्यावर टाकतो तिथं उत्तर चीनमधला माणूस पिठाचा गोळा वाफेवर ठेवतो. आंबवण्यासाठी आदल्या दिवशीच्या कणकेचा तुकडा राखून ठेवायचा, आंबटपणा मारायला थोडा क्षार घालायचा. भट्टीची आच न लागल्यामुळे पावाला कवच येत नाही, रंग येत नाही. म्हणून तो असा पांढराशुभ्र आणि गुळगुळीत.

त्याच्या जन्माची कथा चीनमध्ये कुणीही सांगेल. इ. स. २२५ मध्ये सेनापती झूगा ल्यांग दक्षिणेच्या मोहिमेवरून परतत होता. नदी पार करायची तर नदीदेवतेला माणसांची मुंडकी वाहायची तिथं रीत. त्याला आणखी माणसं मारायची नव्हती. त्यानं पिठाची मुंडकी करवली, आत मांस भरलं आणि ती नदीला वाहिली. 'मान्' म्हणजे दक्षिणेतले रानटी लोक, 'तोउ' म्हणजे डोकं. उच्चार तोच ठेवून पुढे लिहिण्याचं अक्षर बदललं. कथा सुरेख आहे. कोहळा फोडणाऱ्या, पिठाचा पशू करणाऱ्या आपल्या लोकांना ती लगेच पटतेही. पण ती लिहून ठेवलेली सापडते अकराव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर आठशे वर्षांनी. उलट तिसऱ्याच शतकाच्या अखेरीस शू शी नावाच्या विद्वानानं पिठाच्या पदार्थांवर एक काव्य रचलं. त्यात मान्-तोउ आहे, तो वसंताच्या सुरुवातीला खावा असं आहे, वाफेच्या वासानं रस्त्यावरच्या माणसांची काय अवस्था होते तेही आहे. पण झूगा ल्यांग नाही, नदी नाही, मुंडकी नाहीत. सेनापतीला जाऊन तेव्हा सत्तर वर्षंही झाली नव्हती. शब्दाच्या उच्चारावरून कथा रचली गेली असावी, असंच माझं मत. पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही आपल्याकडची व्युत्पत्ती त्याच जातीची.

पावाचा विषय निघालाच आहे तर तेही उरकून घेतो. टेरिटी बाजारात त्या बाईंनी "पाओ" म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात पुन्हा जुना किडा वळवळला होता: पाओ आणि पाव! दोन्ही शब्दांचा संबंध लावणारे लोक मला भेटले आहेत. संबंध नाही. आपला पाव पोर्तुगीजांचा, गोव्यातून आलेला. चिनी 'बाओ', कँटनी उच्चारात 'पाओ'च्या जवळचा, म्हणजे गुंडाळणं. सारण गुंडाळतात म्हणून बाओ. हा शब्द पोर्तुगीज जहाजं आशियात यायच्या कित्येक शतकं आधी, सुंग काळात, रूढ झालेला आहे. चोर एकदा पकडला गेला की त्याला कुलपाचा आवाज लवकर ऐकू येतो, तसं माझं आता झालं आहे.

सुंग काळातल्या खाण्याची माहिती आपल्याला आहे तीही एका बेघर माणसामुळे. काइफंग ही उत्तर सुंगांची राजधानी. ती ११२७ मध्ये पडली, आणि मंग युआनलाओ नावाचा एक रहिवासी दक्षिणेला पळाला. वीसएक वर्षांनी, ११४७ मध्ये, त्यानं गमावलेल्या शहराची आठवण लिहून काढली. त्यात महाल, मिरवणुका आहेतच, पण कुठल्या गल्लीत कोण काय विकायचं, पहाटे कुठली दुकानं उघडायची, रात्रीचा बाजार किती वाजेपर्यंत चालायचा, कुणाचे पाओ नावाजलेले होते, हेही आहे. शहर गेलं की माणसाला आधी खाण्याच्या जागा आठवतात. पुढे कोलकात्याकडे वळायचं आहे, तेव्हा मंग युआनलाओ लक्षात असू द्या.

नावाचा आणि वस्तूचा लपंडाव मात्र मान्-तोउइतका कुणी खेळला नसेल. शू शीच्या पदार्थाचं ते नाव. पुढे सारणाच्या गोळ्याला बाओझ हे नाव मिळालं आणि उत्तरेत मान्-तोउ म्हणजे नुसता, बिनसारणाचा गोळा असं ठरलं. शांघायच्या बाजूला मात्र सारणाच्या गोळ्यालाही अजून मान्-तोउच म्हणतात. कोरियात 'मांडू' म्हणजे करंजीसारखा पातळ पारीचा प्रकार. तुर्कस्तानात 'मांती' म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या मांसाच्या पुड्या, वर दही. चौदाव्या शतकाच्या मध्यावर लिन जिंगयिन नावाचा चिनी माणूस भिक्षूंबरोबर जपानमधल्या नारा इथं गेला. मठात मांस चालेना म्हणून त्यानं आत गोड डाळीचं पुरण भरलं असं जपानी परंपरा सांगते, आणि त्यातून तिथला 'मांजू' आला. आणि पुण्यात ज्याच्याशिवाय आता कुठलाही कॉलेजचा नाका पुरा होत नाही तो मोमो? वायव्य चीनमध्ये वाफेवरच्या पावाला 'मोमो' म्हणतात. तिबेटी लोकांनी नाव घेतलं आणि वस्तू बदलली. माझ्यासारख्यानं नुसत्या नावाचं शेपूट धरून या प्रवासाचा माग काढला असता तर दर मुक्कामी वेगळ्याच पदार्थाशी जाऊन पोचला असता.

आता कोलकाता. अठराव्या शतकाच्या अखेरीस यांग दाइझाओ नावाचा एक चिनी व्यापारी हुगळीच्या काठी उतरला. इंग्रजी कागदांत तो 'टाँग आच्यू' आहे. वॉरन हेस्टिंग्जनं त्याला बजबजजवळ साडेसहाशे बिघे जमीन वर्षाला पंचेचाळीस रुपये खंडानं दिली. त्यानं ऊस लावला, साखरेचा कारखाना घातला, चीनहून मजूर आणले. १७८१ साली त्यानं सरकारकडे तक्रार केली की, कलकत्त्यात राहणारे पळपुटे चिनी खलाशी माझी माणसं फोडून नेतात. म्हणजे आच्यूच्या आधीही शहरात चिनी होते. तो लवकरच वारला, कारखाना बंद पडला, आणि मजूर कलकत्त्याला गेले. आच्यूच्या नावावरून त्या गावाला आचीपूर म्हणतात. तिथं नदीकाठी नालेच्या आकाराची त्याची तांबडी कबर आहे आणि चिनी नववर्षानंतर कोलकात्याची चिनी कुटुंबं तिथं दर्शनाला जातात. बंगालीत साखरेला चिनी म्हणतात ते आच्यूमुळे, असं तिथं हमखास ऐकवलं जातं. तो शब्द आच्यूच्या कितीतरी आधीचा आहे. मी ऐकून घेतलं, वाद घातला नाही.

टेरिटी हे नावही असंच परक्याचं. एदुआर्दो तिरेत्ता हा इटलीतल्या त्रेव्हीजोचा, कासानोव्हाचा मित्र. कासानोव्हाच्या आठवणींत त्याचे प्रताप आहेत. युरोपातून तो जो निघाला तो कलकत्त्यात येऊन रस्ते आणि इमारतींचा अधीक्षक झाला आणि त्यानं हा बाजार वसवला. पुढे त्याची परिस्थिती बिघडली, बाजार हातचा गेला, नाव राहिलं. या बाजाराच्या आसपास चिनी वस्ती जमली. कँटनी लोक सुतारकामात आणि गोदीत. हाक्का लोक चामड्यात. बेंटिंक स्ट्रीटची जोड्यांची दुकानं त्यांची. हूबेईचे लोक दातांचे वैद्य. शान्-तुंगचे लोक रेशमाचे फेरीवाले. या प्रत्येक गटाचं आपलं मंदिर, ज्याला कोलकात्यात चर्च म्हणतात. छातावाला गल्लीतलं 'सी इप' चर्च १९०५ सालचं. सी इप म्हणजे चार तालुके. कँटनच्या नैर्ऋत्येचे चार गरीब तालुके, जिथून माणसं जगभर बाहेर पडली.

हे नाव मी आधी कुठं वाचलं होतं ते आठवायला मला दोन दिवस लागले. मुंबईत माझगावला, नवाब टँक रोडवर, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर चिनी मंदिर आहे. 'सी यूप कून', १९१९ सालचं. तेच चार तालुके! डॉकयार्ड रोडच्या बाजूला खलाशी उतरत, त्यांनी बांधलेलं. मुंबईत दवाखाने, खानावळी, शुक्लाजी स्ट्रीटची वस्ती असं बरंच काही होतं. आज त्या मंदिराला कुलूप नसलं म्हणजे मिळवली. त्याहून जुनी आठवण आमच्या सातारा जिल्ह्यात आहे. महाबळेश्वरला चायनामन्स फॉल पाहायला लोक जातात, पण तो चिनी माणूस कोण हे विचारत नाहीत. १८३४ मध्ये तिथं एक तुरुंग उघडला. त्यात सामुद्रधुनीच्या वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले जात. तुरुंग १८६४ ला बंद झाला. बटाट्याची लागवड आणि वेताच्या टोपल्या या बाबतीत महाबळेश्वरवर त्यांचं ऋण असल्याचं जिल्ह्याचं जुनं गॅझेटियरच सांगतं. धबधब्याच्या वरच्या बाजूला त्यांचे मळे होते. आपण स्ट्रॉबेरी खाऊन परत येतो.

पाओच्या पेटीसमोर उभं राहून मी त्या बाईंना विचारलं, तुम्ही किती वर्षं इथं बसता? "बहुत दिन," त्या म्हणाल्या. आधी कुठं होतात? त्यांनी झाकण उचलून आतले पाओ उगाचच बघितले आणि म्हणाल्या, "आसाम. फिर राजस्थान. फिर कलकत्ता." मी पुढे काही विचारलं नाही, कारण चिनी माणूस आसामातून राजस्थानात का गेला याचं उत्तर एकच आहे.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध सुरू झालं आणि महिन्याभरात थांबलं. नोव्हेंबरमध्ये आसाम आणि उत्तर बंगालमधल्या चिनी कुटुंबांच्या दारावर पोलीस आले. चिनी म्हणजे ज्यांच्या दोन-तीन पिढ्या चहाच्या मळ्यांत गेल्या होत्या, ज्यांच्या आया-आज्या कित्येकदा असमिया होत्या, असे लोक. त्यांना आगगाडीत घालून सात दिवसांच्या प्रवासानं राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. सुमारे तीन हजार माणसं, त्यांत म्हातारी आणि तान्ही मुलंही. कुणावर खटला नाही, आरोप नाही. १९६३ साली चीननं पाठवलेल्या जहाजांतून दोन हजारांहून अधिक लोक त्या अनोळखी 'मायदेशी' गेले. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. सुटून आलेल्यांची घरं, दुकानं शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात गेलेली होती. देवळी हे नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणानं ठाऊक असायला हवं. १९४१ साली इंग्रजांनी श्रीपाद अमृत डांगे, जयप्रकाश नारायण यांना स्थानबद्ध केलं होतं ती हीच छावणी. जयप्रकाशांचं तिथलं उपोषण इतिहासाच्या पुस्तकांत आहे. वीस वर्षांनंतरचे कैदी त्या पुस्तकांत नाहीत. रीता चौधुरींची 'माकाम' ही असमिया कादंबरी २०१० साली आली, जॉय मा आणि दिलीप डिसूझा यांचं 'देवलीवालाज' २०२० साली. म्हणजे या गोष्टी पुस्तकांत यायला जवळजवळ अर्धं शतक गेलं. ज्या वर्षी माझा मोदकाचा लेख छापून आला, त्या वर्षी मी चीन आणि भारत यांच्या अडीच हजार वर्षांच्या संबंधांवर तीन पानं लिहिली होती. त्यात १९६२ चा एक शब्द नव्हता.

कोलकात्याच्या चिन्यांना सरसकट छावणीत नेलं नाही, पण पोलिसांत हजेरी, प्रवासाची परवानगी, हिंडण्यावर बंधनं, हे सुरू झालं. लोक टोरोंटोला, ऑस्ट्रेलियाला जाऊ लागले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितलं आणि टांगऱ्याच्या हाक्का लोकांचा कणाच मोडला. तिथले चामड्याचे वाडे हॉटेलं झाले. वीस हजारांच्या घरात असलेला समाज आता काही हजारांवर आला आहे. 'सेओंग पाओ' हे चिनी वर्तमानपत्र १९६९ पासून चालू होतं, ते २०२० च्या टाळेबंदीत बंद झालं. टेरिटी बाजारातल्या निम्म्याहून अधिक पेट्यांमागे आता बंगाली आणि बिहारी विक्रेते आहेत. ते पाओ करतात, चांगले करतात. यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही; पदार्थ असेच टिकतात. वाईट वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. शेजारी उभा असलेला एक तरुण फोनवर चित्रण करत म्हणत होता की इथं 'ऑथेंटिक' चायनीज मिळतं. त्याचं पाओकडे लक्ष होतं, बाईंकडे नव्हतं. मुंबईच्या रफिक एलियास यांनी याच गल्लीतल्या एका शेवयावालीवर 'द लेजंड ऑफ फॅट मामा' हा माहितीपट केला होता. तो मी त्याला सुचवला. त्यानं नाव लिहून घेतलं. पाहिला असेल, अशी आशा आहे.

मी दुसरा पाओ घेतला. सारण किंचित गोडसर, कांद्याचं, डुकराच्या मांसाचं. आमच्या घरी हे चालत नाही. घरच्यांना आता छापूनच कळेल. मग मी त्यांना सांगितलं की आमच्याकडेही असं एक पक्वान्न असतं, तांदळाच्या पिठाचं, आत नारळ आणि गूळ. चुण्या कशा पाडतात? मी वर्तमानपत्राच्या तुकड्याचा गोल वाटी करून दाखवायचा प्रयत्न केला. तो भलताच झाला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि एका हाताच्या तळव्यावर ठेवून दुसऱ्या हाताच्या चिमटीनं भराभर कडा दुमडत मध्यात आणल्या. आजी तळवा फिरवायची, यांनीही फिरवला. मी मोजल्या, सोळा झाल्या.

"आप लोग बेचते हैं?" त्यांनी विचारलं.

पूर्वी नाही, घरीच करायचे, मी म्हणालो.

"हम लोग भी," त्या म्हणाल्या. "पहले कौन बेचता था!"

आठ वाजून गेले होते. त्यांनी उरलेले तीन पाओ एका पिशवीत बांधून मला अर्ध्या पैशांत दिले, पात्राचे मजले एकात एक बसवले आणि पाणी गटारात ओतलं. त्यांची पेटी उचलली जायच्या आतच पुरी-भाजीवाल्यानं तिथं आपला स्टोव्ह आणून ठेवला.